दहा बाय बाराच्या खोलीतली तालीम

माझा खांदा निखळला तेव्हा मोठा आवाज झाला, असं बाजूला उभे असलेले सांगतात. मला काही ऐकू आलं नाही. फोर्ज शॉपमध्ये एक टनी हॅमर चालू असला की माणसाला स्वतःची शिवीसुद्धा ऐकू येत नाही. मी तेव्हा भोसरीकडच्या एका कारखान्यात हॅमरवर होतो. भट्टीतून निघालेला लालपिवळा ठोकळा लांब सांडशीत धरायचा, खालच्या साच्यावर ठेवायचा, वरून हॅमर पडला की फिरवायचा, पुन्हा ठोका, पुन्हा फिरवायचा. चार-पाच ठोक्यांत ओबडधोबड लोखंडाचा गाडीचा एखादा भाग होऊन बाहेर पडायचा. त्या दिवशी ठोकळा साच्यात सरळ बसला नव्हता. मला ते दिसलं, पण तोवर हॅमर सुटला होता. सांडशीची दांडी उसळली आणि उजवा हात तिच्याबरोबर मागे गेला. खांदा निखळला, दंडाचं हाड मोडलं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी तिशीला आलेलो. मूळचा पुनावळ्याचा. गावच्या तालमीत चार-पाच वर्षं माती अंगाला लावलेली, आसपासच्या जत्रांतून कुस्त्या केलेल्या. त्या अंगाच्या जोरावरच मला हॅमरवर घेतलं होतं. कारखान्यात मला नावानं कोणी हाक मारत नसे, सगळे पैलवानच म्हणायचे.

प्लास्टर निघालं तेव्हा मी हाताकडे बघितलं आणि नजर फिरवली. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा हात झाला होता. तो कमरेच्या वर उचलला जात नव्हता. सदऱ्याची बटणं बायको लावायची. डोक्यावरून पाणी तीच घालायची. ती मावळातल्या डोंगराकडच्या गावची, बोलायला सडेतोड. पण त्या दिवसांत ती बटणं लावताना काही बोलत नसे, आणि तेच मला जड जायचं.

फोरमन वाईट माणूस नव्हता. त्याने मला काढून टाकलं नाही, भांडारात बसवलं. तयार मालाच्या पेट्यांना चिठ्ठ्या बांधायच्या, एवढंच काम. हॅमरवर माझ्या जागी दुसरा माणूस आला. चहाच्या सुट्टीत जुन्या टोळीतली माणसं भेटायची, हाताची चौकशी करायची. हळूहळू त्यांनी मला पैलवान म्हणणं सोडलं. मुद्दाम नाही, त्यांच्या तोंडात ते येईनासं झालं. अपघातात लागलं नव्हतं एवढं मला ते लागलं.

पुण्याच्या एका दवाखान्यात मला व्यायामासाठी पाठवलं होतं. तिथे एक तरुण बाई होत्या, खांदे-गुडघे मोडलेल्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायच्या. त्यांच्या खोलीत भिंतीला कप्प्या लावलेल्या होत्या, कप्पीवरून दोर, दोराला वजन. एका बाजूला लाकडी शिडी, दुसरीकडे हाताने फिरवायचं मोठं चाक. बाईंनी माझा हात कप्पीच्या दोराला लावला, मी रडकुंडीला येईपर्यंत ओढायला लावलं आणि मग सांगितलं की खांदा वर जाईल, हाड चांगलं जुळलंय, पण ताकद मात्र तुमची तुम्हालाच कमवावी लागेल. रोज.

रोजचंच अवघड होतं. आम्ही राहायचो त्या रहाटणीहून पिंपरी, पिंपरीहून पुणे, परत तसंच, आणि मध्ये आठ तासांची नोकरी. आठवड्यातून एकदा जमायचं. मी बाईंना विचारलं, हे सगळं घरी करता येईल का. त्यांनी माझ्या घराची चौकशी केली. चाळीतली दहा बाय बाराची एक खोली, वर पत्रा, एक खाट, एक ओटा, आम्ही नवराबायको आणि तान्ही मुलगी, हे ऐकून त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला तीन चित्रं काढून दिली. एक कप्पीचं, एक निजून वजन वर ढकलायच्या फळीचं, एक लोंबकळायच्या दांडीचं.

तो कागद मी काळेवाडीच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे नेला. मिस्त्री आमच्या चाळीतलाच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. नमाजाला जाताना तेवढे हात धुवायचा, एरवी दिवसभर स्कूटर आणि सायकलींच्या तेलात बुडालेला. त्याने कागद उलटासुलटा केला, कानावरची पेन्सिल काढली आणि तिन्ही चित्रांभोवती एकच चौकट ओढली.

"भाऊ, तीन वस्तू तुझ्या खोलीत मावणार नाहीत," तो म्हणाला. "एकच करू. तिन्ही कामं एकटी करील अशी."

मी त्याला सांगितलं की घरमालकाने भिंतीला एक खिळासुद्धा ठोकायचा नाही असं बजावलंय. मिस्त्री म्हणाला की मग ती स्वतःच्या पायावर उभी राहील, माणसासारखी.

पुढचे चार-पाच रविवार त्याच्या गॅरेजमागे गेले. मी डाव्या हाताने धरायचो, तो कापायचा, जोडायचा. दोन जाड पाईप उभे केले, माझ्या डोक्याच्या वर हातभर जातील एवढे. खाली लोखंडी पट्ट्यांचा पाया, असा की तो आमच्या खाटेखाली सरकेल आणि खाटेच्या वजनाने जागेवर राहील. उभ्या पाईपांना वीत-वीत अंतरावर भोकं पाडली. त्या भोकांत आडवी दांडी बसवायची आणि लोखंडी खीळ घालून अडकवायची. दांडी वर अडकवली की लोंबकळायचं, मध्ये अडकवली की निजून ढकललेलं वजन तिच्यावर टेकवायचं, अगदी खाली आणली की तिच्यात पाय अडकवून पोटाचा व्यायाम. दांडीला अडकवायची एक कप्पी, खाली पायाशी एक कप्पी. निजायची फळी बिजागरीवर, काम झालं की उभी करून पाईपांना लावून टाकायची. मुठीच्या ताकदीसाठी मिस्त्रीने मोडक्या स्कूटरची स्प्रिंग दोन दांड्यांमध्ये बसवली. वजनं म्हणून भंगारातली दातेरी चाकं आणली, आणि ती दोन टोकांना चढवून ढकलायला एक वेगळी सुटी दांडी केली. वाण्याच्या काट्यावर एकेक तोलून त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने आकडे लिहिले.

हे धूड खोलीत आलं तेव्हा बायको दारात उभी राहून बघत होती. "आता सैपाक कुठं करू? ह्याच्या डोक्यावर?" तिने विचारलं.

पण मिस्त्रीने फळी उभी केली, दोर गुंडाळला, आणि सगळं सामान कोपऱ्यात एका कपाटाएवढ्या जागेत जाऊन बसलं. बायकोने दोन्ही पाईप हलवून बघितले. हलले नाहीत. मग तिने मुलीची झोळी काढली, वरच्या दांडीला बांधली आणि मुलीला तिच्यात घातलं. मिस्त्रीला म्हणाली की दांडी चांगली आहे. तेवढ्यावर भांडण मिटलं. दिवसा झोळी, संध्याकाळी व्यायाम, असं ठरलं.

पहिल्या आठवड्यात मी एक किलोचं चाक उचलत होतो. एक किलो. ज्या हाताने मी पैलवानांना पाठीवर पाडलं होतं, त्याला एक किलो उचलताना घाम फुटायचा. खांद्यात कोणी सुरी फिरवतंय असं वाटायचं. दुसऱ्या महिन्यात हात खांद्याइतका वर जायला लागला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. एका रविवारी बायको पाण्याला गेलेली असताना मी पाच किलोचं चाक लावलं. तीन वेळा उचललं. चौथ्यांदा हात अर्ध्यावर अडकला आणि दोर सुटून चाक जमिनीवर आदळलं.

दुसऱ्या दिवशी खांदा सुजून भोपळ्यासारखा झाला. बाईंकडे गेलो. बायको बरोबर आली होती, मुलीला कडेवर घेऊन. बाई मला ओरडल्या नाहीत. त्यांनी बायकोलाच समोर बसवलं आणि तिला समजावून सांगितलं. कुठला व्यायाम किती वेळा, वजन कधी वाढवायचं, श्वास कधी सोडायचा, कुठलं दुखणं कामाचं आणि कुठलं धोक्याचं. बायको शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. तिने एकही गोष्ट लिहून घेतली नाही आणि एकही विसरली नाही.

घरी आल्यावर तिने दांडीची खीळ काढून घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली. खिळीशिवाय दांडी बसत नव्हती, दांडीशिवाय काही करता येत नव्हतं.

"वस्ताद मी हाय आता," ती म्हणाली. "मी सांगंल तवाच वजन वाढंल. न्हाई पटत तर झोळीच बांधून ठिवते."

मी चिडलो होतो. नवऱ्याला बायकोने व्यायाम शिकवायचा म्हणजे चाळीत हसू. पण खांदा ठणकत होता, म्हणून मुकाट्याने ऐकलं. सूज उतरल्यावर तिने मला पुन्हा एक किलोवर आणलं. पंधरा दिवस तेच. मग दोन. मी निजून चाक वर ढकलायचो, ती उशाशी उभी राहून आकडे मोजायची. मी घाई केली की मागचे धरायची नाही, पुन्हा एकापासून सुरू. तालमीतल्या वस्तादानेही मला एवढं छळलं नव्हतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. सदऱ्याची बटणं मी स्वतः लावायला लागलो. एके सकाळी भांग पाडताना लक्षात आलं की फणी उजव्या हातात आहे. बायको भाकरी थापत होती. तिने बघितलं आणि त्या दिवशी संध्याकाळी पदराची गाठ सोडून खीळ माझ्या हातात दिली आणि दांडी मला लावू दिली. दिवाळीपर्यंत पाच किलो माझा खेळ झाला होता. संक्रांतीला दहा. मग आम्ही सुट्या दांडीवर दोन्ही हातांच्या व्यायामाला लागलो आणि चाकं कमी पडली. मिस्त्री आणखी घेऊन आला. दंड भरला, मनगट भरलं, पाठीचे दोन्ही पंखे पूर्वीसारखे उभे राहिले. पुण्याच्या बाईंनी माझा हात चहूबाजूंनी फिरवून बघितला, आपला हात त्याला लावून जोर करायला सांगितला आणि त्यांना दोन पावलं मागे सरकावं लागलं. त्यांनी केसपेपरवर लिहून दिलं की हा माणूस आता कुठलंही काम करू शकतो.

तो कागद घेऊन मी फोरमनसमोर उभा राहिलो. वर्ष उलटून गेलं होतं. त्याने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की कागदावर हॅमर चालत नाही. हात पुन्हा गेला तर माझ्या घरच्यांना तो काय तोंड दाखवणार होता? मी म्हणालो, साहेब, एकदा उभं करून बघा. चार ठोकळ्यांनंतर तुम्ही नको म्हणालात तर मी जन्मभर चिठ्ठ्या बांधीन.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला त्याने मला हॅमरवर उभं केलं. बातमी पसरली होती. मशीन शॉपमधली माणसंही दारात येऊन उभी होती. मी चामड्याचा ॲप्रन बांधला, सांडशी उचलली. हातात तिचं वजन ओळखीचं वाटलं. भट्टीचं दार उघडलं, ठोकळा धरला, साच्यावर ठेवला. हॅमर चालवणाऱ्याला मान हलवून खूण केली.

पहिला ठोका खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच जिरला. दुसरा, तिसरा. ठोकळा फिरत होता, आकार घेत होता. पहिला नग बाजूला टाकला, दुसरा घेतला. दहा झाले, वीस झाले. फोरमन हाताची घडी घालून उभा होता, नको म्हणत नव्हता. मग साधारण तासाभराने जे व्हायचं तेच झालं. एक ठोकळा साच्यात तिरका बसला. मला दिसलं आणि तेव्हाही उशीर झाला होता. हॅमर पडला, सांडशीची दांडी तशीच उसळली, अगदी तशीच.

हात तिच्याबरोबर मागे गेला नाही. मूठ घट्ट राहिली, खांद्याने झटका घेतला, पाय एक तसूभर सरकले, एवढंच. मी ठोकळा सरळ केला आणि पुढच्या ठोक्याची खूण केली.

हॅमर चालवणारा माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा मान हलवली तेव्हा त्याने ठोका सोडला.

फोरमनने मला चारनंतर थांबवलं नाही, चाळीसनंतर थांबवलं नाही. मी पूर्ण शिफ्ट काढली. भोंगा झाल्यावर हातपाय धुवायला गेलो तर तो मागून आला. "उद्या फर्स्ट शिफ्टलाच ये, पैलवान," एवढंच म्हणाला आणि गेला. तो शब्द वर्षाने ऐकला. मी नळाखाली डोकं धरलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो, कोणाला माझं तोंड दिसू नये म्हणून.

सायकल हाणत घरी आलो. बायकोला सांगायचं म्हणून दार ढकललं तर आत चार बायका. शेजारच्या वहिनी फळीवर निजलेल्या, तोंड लाल झालेलं, चाकं लावलेली सुटी दांडी वर ढकलत होत्या. माझी बायको उशाशी उभी राहून आकडे मोजत होती. मला बघून वहिनी धडपडून उठल्या आणि सगळ्या जणी तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. मी दांडीची चाकं बघितली, एक-दोन दिवसांत उचलता येईल असं ते वजन नव्हतं. मी भांडारात असताना दुपारी हे महिनोन् महिने चाललं होतं. बायकोने सांगितलं की सुरुवात तिने एकटीनेच केली होती. मला शिकवायचं तर आधी आपल्याला कळायला हवं, म्हणून. मग शेजारणींनी खिडकीतून बघितलं.

मी तिला विचारलं की तू स्वतः किती उचलतेस. तिने आणखी एक चाक चढवलं, फळीवर निजली आणि दांडी दहा वेळा वर ढकलली. अंगाने ती उंच नाही, धिप्पाड नाही. शेवटच्या वेळेला श्वास सोडला, दांडी जागेवर ठेवली, उठून पदर सारखा केला आणि मग विचारलं, "काय झालं हॅमरवर?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मुलीला उचलून माझ्या उजव्या हातावर दिलं आणि चहा ठेवला. चहा गाळताना मात्र तिने अर्धा चहा ओट्यावर सांडला. मी वर्षभरात तिचं रडू तेवढंच बघितलं.

पुढच्या थंडीत कारखान्याने कामगारांच्या कुटुंबांसाठी खेळ ठेवले. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि बायकांची रस्सीखेच. फोर्ज शॉपच्या बायकांचा संघ म्हणून आमच्या चाळीतल्या पाच आणि बाहेरच्या तिघी उभ्या राहिल्या. समोर मशीन शॉपचा संघ, सगळ्या आमच्याहून अंगाने भारी. लोक हसत होते. माझी बायको सगळ्यात मागे. लुगड्याचा काचा मारलेला, दोर कमरेला घेतलेला, गुडघे वाकवलेले. खालच्या कप्पीचा दोर ओढताना ती जशी बसायची, अगदी तशीच. चाळीतल्या बाकी चौघीही तशाच उभ्या होत्या.

शिट्टी झाली. मशीन शॉपच्या बायकांनी एकदम हिसका दिला आणि दोर इंचभरही गेला नाही. मग माझ्या बायकोने मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली, खोलीत मोजायची तसे. प्रत्येक आकड्याला आठही जणी एकदम मागे जायच्या. सातव्या आकड्याला समोरच्या पहिल्या दोघी रेघेच्या अलीकडे आल्या. दुसऱ्या डावाला पाच आकडेच पुरले. तोवर हसणारे ओरडायला लागले होते आणि मिस्त्री, जो कारखान्याचा नव्हता आणि आत कसा आला कोणाला माहीत नव्हतं, तो मैदानाच्या मधोमध टोपी उडवत उभा होता.

बक्षीस म्हणून प्रत्येकीला स्टीलचा डबा मिळाला. फोरमनने तो बायकोच्या हातात देताना मला विचारलं की हिला खायला काय घालतोस. मी म्हणालो, घरी या, दाखवतो.

तो खरंच आला, पुढच्या रविवारी, स्कूटरवरून. मिस्त्रीने त्याला सगळी चौकट समजावून दिली. दांडी कुठे लागते, फळी कशी उभी राहते, पाया खाटेखाली कसा जातो. फोरमन इंजिनिअर माणूस, प्रत्येक जोड बोटाने तपासत होता. मग त्याने बूट काढले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि फळीवर निजला. बायकोने दांडीवर आपलं नेहमीचं वजन लावलं. तिने त्याला सांगितलं की साहेब, श्वास सोडत उचला.

दांडी हलली, वीतभर वर गेली आणि तिथेच थरथरत राहिली. फोरमनचा चेहरा लाल झाला. दारात चाळ जमली होती. मी पुढे होऊन उजव्या हाताने दांडी उचलून जागेवर ठेवली. फोरमन उठून बसला, थोडा वेळ दम खात राहिला. मग मिस्त्रीकडे वळून त्याने विचारलं की अशी एक त्याच्या घरी बसवायला किती दिवस लागतील.

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली आणि त्याच्या खोलीची लांबी-रुंदी विचारली.